बूम कुणाच्या तोंडापुढं?

(शिरूर कासार तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, लांबलेलं तेवढं कापलं.)

 

मला विषय दिलाय 'टीव्ही आणि राजकारण'. हा विषय आपल्या पोरांनी मागितला. काल रात्री जेवताना एक पोरगं म्हणलं, टीव्हीवाले आपल्याला चोरच का दाखवतात? सवाल सरळ आहे, पण मला तो थोडा मोठा करायचाय. चोर म्हणून दाखवतात हे खरंच. त्याच्या आधीची गोष्ट अशी की बहुतेक वेळा आपल्याला दाखवतच नाहीत. आणि ज्या दिवशी दाखवतात, त्या दिवशी भांडण दुसऱ्याच कुणाचं असतं, आपण त्यात फक्त दगड म्हणून वापरलो जातो. हे मी नुसत्या रागानं म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं घेऊन बोलतो, तुम्ही पडताळून बघा.

गेल्या हिवाळ्यापासून बीड टीव्हीवर आहे. आधी कधी नव्हतं एवढं आहे. ९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. त्यावर टीव्हीनं आवाज उठवला हे चांगलं झालं, हे पहिल्यांदा बोलतो. कॅमेरे तिथं ठाण मांडून बसले नसते तर प्रकरण केजच्या हद्दीबाहेर गेलं नसतं, असं मानणाऱ्यातला मी आहे. ३१ डिसेंबरला वाल्मीक कराड पुण्यात सीआयडीपुढं हजर झाले. ३ मार्चला मारहाणीचे फोटो बाहेर आले, ते बघून सगळा महाराष्ट्र हादरला, आणि ४ मार्चला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कॅमेऱ्यात ताकद किती असते ते आपण डोळ्यांनी बघितलं. म्हणून टीव्हीला शिव्या घालून मोकळं व्हायचं, असलं मी सांगणार नाही. एवढी ताकद ज्याच्या हातात आहे तो ती कुणासाठी वापरतो आणि कुणासाठी वापरत नाही, तेवढंच मला विचारायचंय.

त्याच प्रकरणात बघा. सगळ्याची सुरुवात पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीपासून झाली असं आरोपपत्र सांगतं. खंडणीचा आकडा, दोन कोटी, टीव्हीनं आपल्या कानात हजारदा घातला. पण पवनचक्की जमिनीवर उभी राहते, हवेत नाही. ती जमीन कुणाची? करार कुणी वाचून दाखवला, का नुसता अंगठा घेतला? भाडं किती, किती वर्षांचं? पातं घेऊन येणाऱ्या लांबलचक ट्रेलरसाठी कुणाचा बांध फुटला? तारा गायरानातून गेल्या का, आणि गेल्या तर ग्रामसभेचा ठराव कुठाय? तीन महिने रोज रात्री चर्चा चालली, आणि जमिनीवर एक अख्खी चर्चा झालेली मी तरी बघितली नाही. कोण कुणाचा माणूस, कोणत्या पंखाखालचा, कोणत्या जातीचा, एवढ्यावरच गाडी. बीड म्हणजे दोन जाती, एक खुर्ची आणि भांडण, असं चित्र मुंबईत बसलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं झालं. 'बीडचा बिहार' हे शब्द तर इतक्यांदा वापरले की बिहारच्या माणसानं अब्रूनुकसानीचा दावा लावला तरी चालेल.

आता त्याच केज तालुक्यातली दुसरी गोष्ट. मांगवडगाव. मे २०२०. जमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातल्या तीन माणसांना रात्री मारून टाकलं. बाप आणि दोन लेकं. तिथं जमलेल्यांतले काही जण आज इथं बसलेत, त्यांना मी काय सांगू. लॉकडाऊन होता हे मान्य, कोरोनाच्या आकड्यांपुढं दुसरं काही दिसत नव्हतं हेही मान्य. पण तीन मुडदे पडले, जमिनीपायी पडले, आणि टीव्हीवर ते एखाद्या दिवसाच्या पट्टीत वाहून गेले. खाली सरकत जाते ना ती पट्टी, तिच्यात. कुणी ओबी व्हॅन लावली नाही. कुणी त्या घरच्या विधवेपुढं बूम धरून महिनाभर बसलं नाही. मस्साजोग आणि मांगवडगाव एकाच तालुक्यात आहेत. मेलेल्या माणसांची तुलना करायची नसते, आणि मी करत नाही. देशमुखांच्या लेकीचं दुःख आणि मांगवडगावच्या लेकीचं दुःख एकाच मापाचं आहे. माप वेगळं वापरलं ते बातमीवाल्यांनी. मस्साजोगच्या मागं मंत्र्याची खुर्ची हलत होती. मांगवडगावच्या मागं कुणाची खुर्ची हलत नव्हती.

इथं कुणी म्हणेल, डिसेंबरमध्ये परभणीचं प्रकरणही लागलं होतं की. लागलं होतं. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक चिडले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचं शिकणारा पोरगा न्यायालयीन कोठडीत असताना मेला. नागपूरच्या अधिवेशनात बीड आणि परभणी दोन्ही नावं बरोबरच घेतली गेली. पुढं काय झालं ते आठवा. बीडचं नाव रोज राहिलं, परभणीचं अधूनमधून. एका प्रकरणात आरोप राजकारणातल्या माणसांवर होता, दुसऱ्यात पोलिसांवर. टीव्हीला राजकारणी माणसाची पडझड दाखवायला आवडते. पोलिसाला मात्र तो सहसा दुखवत नाही, कारण रोजच्या गुन्ह्याची बातमी त्याला त्याच ठाण्यातून मिळते.

आता येऊ मार्चवर. ज्याच्यामुळं हे शिबिर लांबलं, आणि ज्याच्यामुळं पोरांनी हा विषय मागितला.

आपल्या शिरूर कासार तालुक्यातला, पारधी समाजातला एक माणूस, आमदारांचा कार्यकर्ता. त्याचं नाव मी घेत नाही, टीव्हीनं ते पुरेसं घेतलंय, आणि खटला कोर्टात आहे. एका माणसाला बॅटनं मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला. मग नोटांचे, गाडीचे, सोन्याचे व्हिडिओ. मग हरणांच्या शिकारीचे आरोप. आपली बाजू इथं स्वच्छ असली पाहिजे. ज्यानं मारलं त्याच्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे, तो आपल्या जातीचा असला म्हणून आपण त्याच्या मागं उभं राहणार नाही. मार खाल्लेला माणूसही गरीबच होता. आणि पुढाऱ्याच्या जिवावर दांडगाई करणारा कार्यकर्ता, मग तो कोणत्याही समाजाचा असो, आपल्या वस्तीचं भलं कधी करत नाही, हे आपण त्याच्या आधीपासून बोलत आलोय.

पण ती बातमी आली कशी, तेही बघा. आमदार सुरेश धस तेव्हा मुंडेंच्या विरोधात रोज टीव्हीवर बोलत होते. समोरच्या बाजूला त्यांच्या विरोधात काहीतरी पाहिजे होतं. हा माणूस सापडला. त्याच्या मारहाणीचं दुःख कुणाला नव्हतं, आमदाराला लागेल असा दगड पाहिजे होता. पोलिसांनी त्याला प्रयागराजला जाऊन पकडलं. आणि १३ मार्चला, होळीच्या दिवशी, वनखात्याचा बुलडोझर आला आणि त्याचं घर पाडलं. का, तर घर वनजमिनीवर होतं. त्याच रात्री तिथलं उरलंसुरलं सामान पेटलं. अज्ञातांनी पेटवलं, असं घरच्यांचं म्हणणं होतं.

तो बुलडोझर आपण सगळ्यांनी लाइव्ह बघितला. वरून ड्रोन, खालून कॅमेरा, मागून संगीत. निवेदक कसा खूश होता! आता मला सांगा, त्या दोन-तीन तासांत कोणत्या चॅनेलनं विचारलं की त्या जागेवर किती कुटुंबं राहतात? त्यांची वहिवाट कधीपासूनची? वनहक्क कायदा २००६चा आहे. आदिवासी माणूस १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसत असेल किंवा तिथं राहत असेल तर त्याला दावा करता येतो. त्या कायद्याच्या कलम ४, पोटकलम ५ मध्ये लिहिलंय की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत हुसकावून लावायचं नाही. त्या घराला हे लागू होतं का? होत असेल किंवा नसेल. कदाचित नसेलच. पण हा प्रश्न विचारायला पाहिजे होता की नाही? नोटीस किती दिवसांची, पंचनामा कुणी केला, घरातल्या बाया-लेकरं कुठं जाणार? आरोप एका बाप्यावर, आणि घर पाडलं अख्ख्या कुटुंबाचं. कुणी म्हणेल की वनजमिनीवरचं अतिक्रमण काढणं आणि गुन्ह्याची शिक्षा देणं या दोन गोष्टी वेगळ्या. वेगळ्याच आहेत. मग टीव्हीनं त्या एक का केल्या? 'गुंडाला दणका' अशा सुरात वनखात्याची कारवाई का दाखवली? दणका द्यायचं काम कोर्टाचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ला बुलडोझरच्या खटल्यात हेच सांगितलं, की आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही. निकाल ताजा होता. चार महिनेच झाले होते.

आणि त्याचा परिणाम तुम्हीच काल मला सांगितला. कामाला गेलेल्या बाईला मालकीण विचारते, तुम्ही 'त्याच्यातल्याच' का? शाळेत पोराला त्या माणसाच्या टोपणनावानं हाक मारतात. ज्या गावात गायरानावर पंधरा-वीस वर्षं वाद नव्हता, तिथले लोक आता मोबाईलवर ती क्लिप दाखवतात आणि म्हणतात, तुमचंही असंच काढतो. टीव्हीवाल्यांच्या हे ध्यानीमनी नसेल. आपल्याला मात्र ते रोज भोगायचंय.

हा शिक्का जुना आहे. इंग्रजांनी १८७१ला कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ला गेला. आपला मराठवाडा तर निजामाकडं होता, पण निजामाचे पोलीसही काही वेगळे नव्हते. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली, भाषा मात्र गेली नाही. बातमीत ऐका: 'अट्टल', 'सराईत', 'पारधी टोळी'. दुसऱ्या समाजाच्या पाच पोरांनी दरोडा घातला तर 'पाच जणांची टोळी' म्हणतात. आपली पाच असली तर जातीचं नाव आधी येतं. आपण हे बोललो की म्हणतात, तुम्ही फार हळवे. हळवे नाही. 'टोळी' शब्द टीव्हीवर आला की दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी वस्तीत येते, आणि ती कुठल्या घरी थांबेल ते आधी कळत नाही.

सगळे पत्रकार असेच असतात असंही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीभेदावर निकाल दिला. कैद्याची जात बघून झाडूकाम द्यायचं, विमुक्त जमातीच्या माणसाला जन्मानंच सराईत समजायचं, असले तुरुंगाच्या नियमातले प्रकार बेकायदा ठरवले. ती याचिका सुकन्या शांता या पत्रकार बाईंची. त्यांनी आधी तुरुंगांवर बातम्या केल्या आणि मग कोर्टात गेल्या. आपल्यासाठी एवढा मोठा निकाल! त्या रात्री किती चॅनेलांवर चर्चा ऐकली तुम्ही? हात वर करा. एक पण नाही. बघा.

आता जिल्ह्याच्या बाहेर जाऊ, कारण वनजमिनीवर टीव्हीचं वागणं कसं असतं ते नाशिकच्या मोर्चात सगळ्यात स्वच्छ दिसलं. ६ मार्च २०१८ला मोर्चा नाशिकहून निघाला आणि १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचला. जवळजवळ १८० किलोमीटर पायी. त्यात बहुसंख्य आदिवासी होते, आणि त्यांची मोठी मागणी होती वनजमिनीच्या पट्ट्यांची. मोर्चा घाटातून खाली येत होता तेव्हा कॅमेरे कमीच होते. ठाणे-मुंबई जवळ आली तसे वाढले. शेवटच्या दिवशी मोर्चा रात्रीतूनच मैदानाकडं निघाला, कारण सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता. मग टीव्हीला तीन गोष्टी सापडल्या: लाल टोप्या, फुटलेले पाय, आणि मुंबईकरांनी वाटलेलं पाणी-बिस्किट. 'लाल वादळ' असं नाव पडलं. फोडांनी भरलेल्या त्या म्हातारीच्या पायांचं चित्र देशभर गेलं.

मला ते पाय बघून रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्या जमिनीसाठी ते पाय फुटले, तिच्याबद्दल टीव्हीनं किती सांगितलं? 'शेतकऱ्यांचा कर्जमाफीसाठी मोर्चा' असं बहुतेक ठिकाणी चाललं. अरे, ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला कर्ज कोण देतंय? सातबारा नाही म्हणूनच तर तो चालत आला. दया दाखवली, मागणी दाखवली नाही. दया दाखवायला सोपी असते. मागणी दाखवायची म्हणजे दावा, पुरावा, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती हे सगळं समजून घ्यायला लागतं. दुसऱ्या बाजूला खासदार पूनम महाजन यांनी कॅमेऱ्यापुढं शहरी माओवादाचा विषय काढला, आणि मग दोन दिवस चर्चा झाली ती त्याच्यावर. म्हणजे आपण एक तर बिच्चारे, नाहीतर नक्षलवादी. कायद्यानं हक्क मागणारा नागरिक हे तिसरं खातं त्यांच्या वहीत नाही.

सरकारनं तेव्हा लेखी दिलं, सहा महिन्यांत वनहक्काचे दावे निकाली काढू. सहा महिन्यांनी कोण विचारायला गेलं? आठ महिने झाले, वर्ष झालं. फेब्रुवारी २०१९मध्ये लोक पुन्हा नाशिकला जमले, पुन्हा आश्वासन घेऊन परतले. मार्च २०२३मध्ये पुन्हा निघाले, वाशिंदपर्यंत गेले. तेव्हा टीव्हीनं कांदा दाखवला. कांद्याचा भावही महत्त्वाचा, मी नाही म्हणत नाही. पण वनजमिनीची मागणी पाच वर्षं तशीच्या तशी उभी होती, तिला 'जुनी' म्हणून कुणी हात लावला नाही. टीव्हीच्या लेखी मागणी जुनी झाली की संपली. आपल्या लेखी ती जुनी झाली म्हणजे अन्याय वाढला.

आणखी एक तारीख लिहून घ्या. १३ फेब्रुवारी २०१९. सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढा. देशभरात दहा लाखांहून जास्त कुटुंबांवर ती कुऱ्हाड होती. दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, पुलवामात जवान मारले गेले. मोठा घात होता तो, त्याची बातमी व्हायलाच पाहिजे होती. पण त्यानंतर पंधरा दिवस टीव्हीच्या स्टुडिओत नुसती लढाई चालली. निवेदक बंदूक घ्यायचे तेवढे बाकी राहिले. त्या पंधरा दिवसांत ठिकठिकाणचे आदिवासी रस्त्यावर आले, संघटना धावल्या, सरकारला कोर्टात परत जावं लागलं, आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. आपल्यातल्या किती जणांना टीव्हीवरून कळलं? आपल्याला कळलं ते संघटनेच्या फोनवरून आणि या बुलेटिनमधून. निवडणूक तोंडावर होती. त्याच वर्षी ३१ मार्चला 'नमो टीव्ही' नावाचं एक चॅनेल डिशवर आपोआप आलं. त्यावर एकाच माणसाची भाषणं. निवडणूक संपली तसं ते गायबही झालं.

चॅनेल कुणाचं असतं, हेही माहीत पाहिजे. मालक आणि राजकारण ही जोडगोळी एकाच पक्षाची नाही. आयबीएन लोकमत निघालं तेव्हा त्यात दर्डा कुटुंब होतं, विजय दर्डा काँग्रेसचे खासदार. साम टीव्ही सकाळवाल्यांचा, म्हणजे पवारांच्या घरातला. झीचे सुभाष चंद्रा २०१६ला भाजपच्या पाठिंब्यानं राज्यसभेवर गेले. नेटवर्क १८ रिलायन्सकडं गेलं २०१४ला, एनडीटीव्ही अदानींकडं २०२२च्या शेवटी. त्यांचे बाकीचे धंदे कोणते, ते बघा: खाण, वीज, बंदर, रस्ता. सगळ्यांना जमीन लागते. आता ज्याला जमीन लागते त्याच्या चॅनेलनं 'जमीन कुणाची' हा सवाल रोज रात्री नऊला विचारावा, अशी अपेक्षा करणारा माणूस भोळा. मालक रोज फोन करून बातमी थांबवतो असं मी म्हणत नाही. फोन करायची गरजच पडत नाही. खालच्या माणसाला कळतं.

आणि अगदी खालचा माणूस म्हणजे तालुक्याचा बातमीदार. त्याच्यावर राग धरू नका. बरेच जण पगारावर नसतात, बातमी लागली तर पैसे, नाहीतर पेट्रोल अंगावर. वस्ती तीस किलोमीटर आत असेल तर तो एका धरण्यासाठी येईल का? तो तहसीलच्या दारात उभा राहतो, कारण तिथं पुढारी येतो, आणि पुढारी आला की बाईट लागते. वर आकड्यांचा खेळ. टीआरपी मोजायचे डबे २०२५ला सगळ्या देशात अठ्ठावन्न हजारांच्या आसपास घरांत. तुमच्या पालावर असला डबा बघितलाय का कुणी? पालात डबा असतो तो रॉकेलचा. तर ज्यांच्या घरात यंत्र, त्यांना जे आवडतं ते चालतं.

मतांचंही तसंच. २०११च्या जनगणनेप्रमाणं जिल्ह्यात आदिवासी शंभरात जेमतेम एक-सव्वा. आपल्यासाठी इथं एकही मतदारसंघ राखीव नाही. त्यामुळं चर्चेत बसवायला आपला आमदारही नाही. पण २०२४च्या लोकसभेला बजरंग सोनवणे पंकजा मुंडेंच्या पुढं गेले ते किती मतांनी? ६,५५३. आपण लहान-थोर धरून तीस हजारांच्या वर आहोत. मतमोजणीच्या रात्री टीव्हीनं जातीजातीचा हिशोब मांडला, त्यात आपला आकडा नव्हता. आपणही तो मांडून कुणाला दाखवला नाही, म्हणून हे सांगतोय.

मग करायचं काय. चार गोष्टी अनुभवातल्या सांगतो, क्रमानं नाही, आठवतील तशा.

एकदा गायरानाच्या वस्तीवर एका चॅनेलची गाडी आली. चॅनेलचं नाव सांगत नाही. पोरगा चांगला होता, पण घाईत. त्यानं बायांना सांगितलं, जरा आक्रोश करा, आणि लेकरांना पुढं बसवा. एक बाई उठली आणि म्हणाली, "दादा, रडायचं तवा रडून झालंय. आता कागद दावते, त्याचा फोटू घे." तिच्याकडं दंडाच्या पावत्या होत्या, अतिक्रमणाच्या, १९९०च्या आधीच्या. तोच तर पुरावा! २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाप्रमाणं १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीन, दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची होती. त्या पोरानं पावतीचा फोटो घेतला नाही. बातमी लागली नाही. तीच पावती आम्ही प्रांताच्या टेबलावर ठेवली तेव्हा मात्र प्रांतानं चष्मा लावून वाचली. एकनाथ आवाडांनी या जिल्ह्यात गायरानाचा लढा उभा केला तो चॅनेलं येण्याच्या आधी. कॅमेरा आला नाही म्हणून नांगर थांबला नव्हता.

म्हणून पहिलं, कॅमेरा आला तर पहिल्या वाक्यात गाव, गट नंबर, किती कुटुंबं, किती वर्षं आणि मागणी. बाकी सगळं नंतर. कारण ते पहिलं वाक्यच ठेवतात, कधी तेही ठेवत नाहीत. बोलणारी बाई त्याच वस्तीतली असावी. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यानं बूम ओढला तर त्याच्या पक्षाची बातमी होते, तुमची होत नाही. आपल्या मोबाईलवर आपण पूर्ण बोलणं रेकॉर्ड करायचं, तोडून लावलं तर दाखवायला.

खोटी, बदनामीची बातमी लागली तर नुसतं व्हॉट्सॲपवर चिडू नका. चॅनेलचं नाव, तारीख, वेळ लिहा. सात दिवसांच्या आत चॅनेलला लेखी तक्रार जायला पाहिजे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर दिल्लीला त्यांची स्वतःचीच एक तक्रार समिती आहे, तिच्याकडं. तिचा दंड एक लाख, म्हणजे त्यांचा चहापाण्याचा खर्च, सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ला त्यावर टोमणा मारला. तरी पण माफी दाखवायला लावता येते, क्लिप काढायला लावता येते. क्लिप काढणं आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण तीच पुढं मोबाईलवर फिरते. आणि अख्ख्या जमातीबद्दल द्वेष पसरवणारं बोललं असेल तर ॲट्रॉसिटीच्या कायद्यात कलम ३(१)(यू) आहे. जमिनीवरून बेकायदा हुसकावलं, वनहक्कात अडथळा आणला, तर ३(१)(जी). ही दोन कलमं पाठ करा. पण जपून. नुसती कडू बातमी लागली म्हणून हे कलम काढायचं नाही. आपल्या माणसाची खरी चूक दाखवली तर ती बदनामी नसते.

पोरं म्हणतात, आपलंच यूट्यूब चॅनेल काढू. काढा. माझी ना नाही. मोबाईल आहे, रेंज टेकडीवर येते. फक्त एक अट. मोजणीचा दिवस दाखवा, ग्रामसभेचा कोरम दाखवा, तलाठ्यानं पीकपाहणीत काय लिहिलं ते वाचून दाखवा. कंटाळवाणं आहे, बघणारे पन्नास असतील. पण ते पन्नास त्याच गावातले असतील. आणि आपल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा केक त्यावर दिसला तर चॅनेल मी स्वतः बंद करायला लावीन, माझा वाढदिवस असला तरी!

तक्रारीचा मसुदा मारुतीच्या पाराजवळ ठेवलाय, कार्बन लावून तीन प्रती केल्यात. मार्चमधल्या ज्या क्लिपा अजून फिरतायत त्यांची यादी त्याला जोडायचीय. ज्यांच्या मोबाईलवर आहेत त्यांनी जेवणाच्या आधी तिथं बसलेल्या ताईंकडं लिहून द्यावं: चॅनेल कोणतं, कधी बघितली, त्यात आपल्या समाजाबद्दल नेमका कोणता शब्द वापरला. अंदाजानं लिहू नका, ऐकून लिहा. दुपारच्या सत्रात वनहक्काच्या दाव्यांचे फॉर्म भरायचेत, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा.